उतार धरला की घर येतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. पुढे हसू येईल याची मला खात्री नाही.

तर मी हरवलो. कुठे? मोरोक्कोतल्या फेज शहरात! चौतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेला माणूस मी. रत्नागिरी ते मुंबई, मुंबई ते कासाब्लांका, तिथून आगगाडीनं फेज, एवढा प्रवास निर्विघ्न केला आणि चार गल्ल्यांत हरवलो.

ही गेल्यापासून माझ्या मुलीचं, मुग्धाचं, एकच पालुपद होतं. "बाबा, रत्नागिरीचं घर बंद करा आणि पुण्याला माझ्याकडे या." मी कसला जातोय! हिनं लावलेला कोकमाचा रातांबा गेल्या साली कुठे फळ धरायला लागला होता. तो कोणाच्या जिवावर सोडू? तेवढ्यात मुग्धाला ऑफिसच्या कामासाठी फेजला जायचं निघालं. "तेवढाच बदल," म्हणून तिनं मलाही ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मीटिंग. मी म्हटलं, "तू जा. मी जुनं शहर एकटा बघतो. बारा वाजता निळ्या वेशीपाशी भेटू."

"एकटे? बाबा, तिथे गल्लीला गल्ली सापडत नाही!"

"पैज लाव. वेळेत आलो तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही आलात तर?"

"तर बॅग भरली म्हणून समज!"

वर ऐट म्हणून फोनही तिच्याच हातात दिला. मेलं, माणसाला अवदसा आठवते ती अशी.

आता आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीतच आहे. कातळावर वाट चुकली तर ओढा-पऱ्या शोधायचा आणि पाण्याच्या मागनं उतरत सुटायचं. खाली वाडी असते, नाहीतर खाडी असते. देवरूखपासून दाभोळपर्यंत हा नियम कधी चुकलेला नाही. उतार धरला की घर येतं, असं माझे वडील सांगायचे.

तासभर भटकलो. पितळेची भांडी बघितली, खजुरांच्या राशी बघितल्या. मग परतीची वाट सापडेना. मी बिनघोर! उतार धरला.

पोचलो कुठे? चामडं कमावायच्या हौदांवर! काय तो वास! सुकटीच्या वासात वाढलेला माणूस मी, पण डोळ्यांतनं पाणी आलं. तिथल्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं नाकाशी धरायला पुदिन्याची काडी दिली आणि बोट वर करून चढाची गल्ली दाखवली.

वर? वर कसं असेल? मी मान डोलावली, कोपऱ्यावर वळलो आणि दुसरा उतार धरला.

पुन्हा हौद. पुन्हा म्हातारा. पुन्हा पुदिना.

खरं म्हणजे ते शहर आहे कढईसारखं. वेशी सगळ्या काठावर आणि हौद तळाशी. भूगोलाच्या मास्तराला हे कळू नये? नाही कळलं! मी तिसऱ्यांदा हौदांवर हजर. म्हाताऱ्यानं या खेपेला नुसतं कपाळाला हात लावला आणि काडी पुढे केली.

तेव्हा मी सवयीनं मागे वळलो. "अहो, इकडून नाही, तिकडून," असं हळूच सांगणारं कोणी मागे नव्हतं. चाळीस वर्षं मी उतार धरायचो आणि ही माझी बाही धरून मला वळवायची. वाट मला कधी येतच नव्हती, मंडळी. फार एकटं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी तिथल्या पायरीवर बसून रडलो. येणाजाणाऱ्यांना वाटलं असेल, वासानं.

शेवटी म्हाताऱ्यानं मला उठवलं. कातड्यांचे गठ्ठे लादलेलं एक गाढव चढाला लागलं होतं. त्याच्या मागे जा, अशी खूण त्यानं केली. गेलो! धापा टाकत, शेपटीवर नजर ठेवून. गाढव कुठेही चुकलं नाही.

निळ्या वेशीत पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. मुग्धा उभी होती, रडून डोळे लाल. मी आव आणला, "अगं, शहर एवढं सुंदर, वेळेचं भानच राहिलं नाही!"

हौदांवर जाणाऱ्याला दर खेपेला पुदिन्याची काडी देतात, हे तिला ठाऊक होतं. माझ्या खिशातनं तिनं पुदिन्याच्या काड्या काढल्या. एक, दोन, तीन. मग गाढवाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे रत्नागिरीला तुमच्या सोबतीला राहायला तयार असतं ना, तर मी पुण्याचा आग्रह सोडला असता."

परवा सामानाचा टेम्पो येतोय. रातांब्याला पाणी तुम्ही शेजारीपाजारी घालाल ना? विसरू नका.

मुग्धाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. माझी किल्ली तिनं आधीच पाठवली आहे. ही बघा. आणि किल्लीला तिनं बांधलेली चिठ्ठी पण वाचा, माझा चष्मा सापडत नाहीये: "बाबा, घर वर आहे."