काकांच्या डाव्या हाताची जागा

न्यूझीलंडमधल्या साऱ्या हॅमिल्टन शहरात रिकाम्या हवेला वाट करून देणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायला आला. आमच्या रोटोटुना उपनगरात मुलांकडे येऊन राहिलेले आई-बाबा काही कमी नाहीत. कुणी कुंडीत कढीलिंब जगवतं, कुणी नातवंडांना धरून श्लोक घोकून घेतं. शेजारचे काका यातलं काहीच करत नसत. सकाळच्या धुक्यात ते फिरायला निघत ते फूटपाथच्या उजव्या कडेने, छाती काढून, पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी सपाता, असल्या तरी टाच आपटत. डाव्या बाजूला बरोबर एका माणसाची जागा मोकळी. वळणावर आधी ती जागा वळायची, मग काका वळायचे. दार उघडलं की क्षणभर धरून ठेवायचे, कुणी आत गेल्यासारखी मान हलवायचे आणि मग स्वतः आत जायचे. दार असं उघडं राहिलं की घरातली ऊब निघून जाते म्हणून सून आधी कुरकुरायची. पुढे तिनेही हात टेकले.

मी स्वभावाने खोडकर. एकदा गप्पांच्या भरात मुद्दाम त्या मोकळ्या जागेत शिरलो. जूनचं, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातलं धुकं, गार तर होतंच. पण तिथे पाय ठेवताच फ्रीजचं दार उघडून समोर उभं राहावं तसा गारवा पोटऱ्यांवरून वर चढला आणि बूटपॉलिशचा वास आला. काका जागीच थांबले. "अहो, त्याच्या पायावर पाय दिलात," ते हळू आवाजात म्हणाले. "इकडे उजवीकडे या. तो बोलायचा नाही, भिडस्त आहे." मी हसलो. तेवढ्यात धुक्यातून गल्लीतला धिप्पाड लॅब्रेडोर आला, काकांना हुंगून पुढे गेला, त्या रिकाम्या जागेसमोर बसला आणि त्याने शेकहँडसाठी पंजा उचलला. मग मात्र माझं हसू मावळलं, आणि त्या दिवसापासून मी मुकाट उजवीकडून चालू लागलो.

तो म्हणजे दिगू. पुण्यात कॉलेजात असताना दोघे एनसीसीत होते. परेडला दिगू कायम काकांच्या डाव्या हाताला. दोघांनी सैन्यात जायचं ठरवलं, दोघांनी परीक्षा दिली. दिगू पेन्सिल टेबलावर टकटक आपटत गणितं सोडवायचा, आणि ती त्याला सुटायची. काका गणितातच आपटले. दिगू सरहद्दीवर गेला तो परत आला नाही. काका टेलिफोन खात्यात चिकटले, संसार केला, निवृत्त झाले. "रांगेत माणूस कमी पडला तर त्याची जागा तशीच ठेवतात," ते मला समजावायचे. "तिला ब्लँक फाईल म्हणतात. ती भरून काढायची नसते." हे ते इतक्या साधेपणाने सांगत, की भीती जरा उशिरा वाटायची.

त्यांच्या नातीला, जुईला, हे सगळं नेहमीचंच. लहानपणी गॅरेजमध्ये आजोबांकडून कवायत शिकताना तीही डावीकडे जागा सोडायची. मोठी झाली तशी सैन्यात जायचं म्हणू लागली. पण ऐन शेवटच्या वर्षी तिने शाळा सोडली होती आणि 'ते रापा' नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गोदामात कामाला लागली होती. इथे शाळेत विषयांची क्रेडिटं जमवावी लागतात. सैन्यात शिरायला ठराविक क्रेडिटं हवीत, आणि शाळा सुटलेल्यांना ती आडवाटेने मिळवता येतात: घरून अभ्यास करून, नाहीतर कामावरच्या प्रशिक्षणातून. जुईने काही गोदामात फोर्कलिफ्ट चालवून मिळवली, इंग्रजीची घरून मिळवली. राहिलं गणित. त्याच्या चाचणीत ती एकदा नापास झाली होती. आणखी एकच संधी होती. ती हुकली तर तिच्या बरोबरीची तुकडी पुढे जाणार आणि जुई गोदामात राहणार. फूटपाथवर उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघणं काय असतं, हे काकांना कुणी सांगायला नको होतं.

म्हणून काकांनी स्वतः प्रथमोपचाराचा वर्ग लावला. माझा धडधाकट हात त्यांनी असा काही बांधला, की दिवसभर मला गाडी चालवता येईना. पास झाले, क्रेडिटं मिळाली. "आमची ही माझ्यासाठी सोमवार करायची, गुण मला यायचा," ते म्हणाले. "घरात एकाने मिळवलं की दुसऱ्याला लागतंच. क्रेडिटं जुईच्या नावावर करू, उपास केल्यासारखी." जुई कपाळावर हात मारून म्हणाली, "आजोबा, इट डझन्ट वर्क लाइक दॅट!" पण काकांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही तिघे भरतीच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या माओरी बाईंनी "किआ ओरा" म्हणून हसून स्वागत केलं आणि आमच्यापुढे चार खुर्च्या मांडल्या. पाण्याचे पेलेही चार. काकांचं म्हणणं जुईने कान लाल करत इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते न हसता, नीट ऐकून घेतलं. "मातुआ, क्रेडिट ज्याचं त्याचंच," वडीलधाऱ्यांसाठीचा माओरी शब्द वापरून त्यांनी सांगितलं. "ते देता येत नाही. सोबत मात्र देता येते." निघताना खुर्च्या उचलताना त्या घुटमळल्या. "सॉरी, काचेतून मला चौघं येताना दिसली होती." 

चाचणीच्या सकाळी जुईला मी सोडणार होतो. धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं. जुई पुढे माझ्याशेजारी बसली. काका बाहेर आले, त्यांनी गाडीचं मागचं डावं दार उघडलं, क्षणभर धरलं, मान हलवली आणि लावून टाकलं. स्वतः बसले नाहीत. "तुम्ही नाही येत?" मी विचारलं. "माझं काय काम तिथे? मी गणितात नापास आहे," ते म्हणाले. गाडी निघाली आणि पिंपिं सुरू झालं. मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही, असं गाडी सांगत होती. 'ते रापा'मधलं चाचणीचं केंद्र येईपर्यंत ती सांगत राहिली. मी आरशात पाहिलं नाही, आणि जुईनेही मान वळवली नाही.

जुई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हू वॉज टॅपिंग?" तिने विचारलं. "माय लेफ्ट साइड. पेन्सिल. पण तिथे कुणीच नव्हतं. आधी फ्रीक आउट झाले, मग आय जस्ट स्लोड डाऊन." दिगूच्या पेन्सिलीची गोष्ट मला माहीत होती, तिला नव्हती. पुढे निकाल आला. जुई पास झाली होती.

काकांना मी पेन्सिलीचं सांगितलं. "मीच त्याला म्हटलं, आता तिच्याबरोबर जा," ते म्हणाले. त्या दिवसापासून काका फूटपाथच्या मधोमध चालू लागले. दारं चटकन लागू लागली, सून खूश झाली. लॅब्रेडोर त्यांना हुंगून सरळ पुढे जायचा. डाव्या हाताचं काय करावं हे काकांना कळेना. ते तो खिशात घालत, काढत, पुन्हा घालत. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

जुईच्या दीक्षान्त संचलनाला आम्ही सगळे डोंगरातल्या तळावर गेलो. मैदानावर धुकं उतरलं होतं. त्यातून आधी बुटांचे आवाज आले, मग रांगा. रांगेत जुई, आणि तिच्या डाव्या हाताला एका माणसाची मोकळी जागा. कुणी आजारी असेल, मी स्वतःला बजावलं. वळणावर आधी ती जागा वळली, मग जुई वळली.

कठड्याशी उभ्या काकांनी सलाम ठोकला. त्यांचा डावा हात उगाच हवेत चाचपडत होता. मला राहवलं नाही. मी गेलो आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. तिथे गारवा नव्हता, पॉलिशचा वास नव्हता, डोंगरातली साधी थंडी होती. काकांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मला नीट उभं राहता यावं म्हणून किंचित उजवीकडे सरकले.