नावं कापलेले उखाणे

आमच्या गल्लीचं मला कौतुक होतं, ही माझीच अक्कल. झाशीत मराठी घरं मुळात थोडी. त्यातली रेल्वेतून रिटायर झालेली बरीचशी आमच्या गल्लीत. दाराबाहेर हिंदी, दाराआत अर्धंमुर्धं मराठी. या गल्लीवर मी गाण्यांचा अख्खा अल्बम केला, घरीच. खिडकीला रजया ठोकल्या, आवाज नको म्हणून कूलर बंद केला आणि झाशीच्या त्या उन्हाळ्यात घामाने निथळत गायले.

सगळ्यात जीव लावला तो उखाण्यांच्या गाण्यावर. चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरच्या काकूंकडे बायका जमल्या होत्या. मी मधोमध फोन ठेवला आणि एकेकीला नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. लाजल्या, खिदळल्या, पण घेतलं. निघताना काकूंनीच बजावलं, "नेट पे डालेगी ना? मग नावं जाऊ देऊ नकोस हं बेटा. जमाना खराब आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आई तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात होती. बाबा गेल्यापासून तिला कुणी कुंकू लावत नाही, पण आंब्याची डाळ मात्र तिच्याच हातची लागते. माझं डोकंच फिरायचं. घरी आल्यावर मी तिला रजयांच्या खोलीत बसवलं. म्हटलं, "तू पण घे." आधी नाही नाही म्हणाली. मग एका दमात, "ड्युटीचा डबा भरला, झाकण लावलं घट्ट," आणि बाबांचं नाव घेऊन, "आता सोडा हट्ट."

"माझं कापू नकोस," म्हणाली. "मला आता कोण विचारतंय नाव घ्यायला?"

तिचं ठेवलं. बाकीच्यांची नावं काढली आणि त्या जागी थाळीचा ठोका टाकला. अल्बम नेटवर गेला आणि काकू दारात उभ्या, मागे बायकांची फौज.

"उखाण्यातून नवराच काढलास? आमचे जिवंत आहेत अजून! आणि गेलेल्याचं तेवढं ठेवलंस? असला अपशकुन!"

एकीच्या नवऱ्याची म्हणे गाणं ऐकल्यापासून शुगर वाढली होती. मी म्हटलं, "बड्या बाजारातली जलेबी खाऊन वाढते शुगर, गाण्याने नाही. आणि नावं नकोत असं तुम्हीच म्हणालात ना?"

"नावं नकोत म्हटलं, नवरे नकोत असं नाही म्हटलं!"

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा. मग हुकूम सुटला. आमची नावं परत घाल आणि वहिनींचं, म्हणजे आईचं, काढ, सवाष्णींच्या ओळीत ते चालत नाही. नाहीतर पुढच्या चैत्रात वहिनींनी यायची तसदी घेऊ नये. खराब जमाना एवढ्यात सुधारला होता वाटतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या सगळ्यांचे आवाज मी काढून टाकले, हसण्यासकट. एकटी आई ठेवली. तिला हेडफोन लावून ऐकवलं. वाटलं, खूश होईल. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "यात मी एकटीच आहे गं."

"मग? त्या भवान्या हव्यात कशाला?"

"तू कामावर जातेस. मी घरात दिवसभर एकटीच असते. गाण्यात तरी कशाला? त्यांचं घाल परत. माझं काढ."

मी ओरडले, रडले, जेवणाचं ताट आपटलं. ती ढिम्म. उठून स्वतः समोर गेली आणि काकूंना सांगून आली की माझा उखाणा निघतोय. पुढच्या चैत्रात डाळ वाटायलाही गेली. मी गेले नाही. काकूंशी बोलणं बंद आहे ते आहे, आणि त्या मरेपर्यंत बंदच राहील.

गाणं नेटवर आहे. लोकांना आवडतं, आपल्याकडच्या लग्नांत वाजवतातसुद्धा. गल्लीतल्या सगळ्यांचे नवरे त्यात आहेत, नावानिशी. माझा बाप नाही.