सुलाबाईचा जबाब

कल्पना करा, तुम्हाला खडी फोडायची आहे. उकिडवं बसा. डबराचा तुकडा एका सपाट दगडावर ठेवा. तो निसटू नये म्हणून जुन्या टायरच्या पट्टीची कडी त्याच्याभोवती घाला, कडीची दांडी डाव्या हातात धरा आणि उजव्या हातानं हातोडी मारा. घाव मधोमध बसला तर दगड फुटतो. कडेला बसला तर कपची उडते, आणि ती कुठल्या बाजूला जाईल हे फोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून शेजारी बसणाऱ्या दोन बायका एकमेकींकडं पाठ करून बसतात. तोंडासमोर तोंड करून बसलं की आठवड्याभरात कुणाचा तरी डोळा जातो.

१९७३ च्या उन्हाळ्यात ताडकळसच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. तिथं सुलाबाई अशीच बसायची. तिच्या पाठीला पाठ लावून पंचफुला. दोघी बौद्धवाड्यातल्या, घराला घर लागून. सुलाबाई पंचेचाळिशीची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. पंचफुला तेवीस वर्षांची, तोंडाची फटकळ.

हे काम माणिकरावांनी आणलं होतं. ते पंचायत समितीचे सदस्य, गावातल्याच एका शेतकरी घरातले. पण सुलाबाईच्या मनात त्यांची जागा या कामामुळं नव्हती, विहिरीमुळं होती. आदल्या वर्षी गावात एकाच विहिरीला पाणी उरलं, आणि ती बन्सीधरच्या मळ्यात होती. बौद्धवाड्यातल्या बायकांनी खाली घागरी मांडून बसायचं आणि कुणी वरून ओतलं तर न्यायचं, असा त्याचा नेम. ओतायला दोन-दोन तास कुणी यायचं नाही. एके सकाळी माणिकराव दोर आणि बादली घेऊन आले, काठावर बसले आणि म्हणाले, "सुलाबाई, तू शेंद. बघू कोण अडवतंय."

ते दिवसभर तिथंच बसले. दुसऱ्या दिवशीही. तेव्हापासून बौद्धवाडा आपल्या हातानं पाणी शेंदत होता. बन्सीधर काही बोलत नव्हता. तो फक्त माणिकराव कधी घसरतात याची वाट बघत होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी माणिकराव कामावर आले. पिण्याच्या पाण्याचा ड्रम नुकताच बैलगाडीतून उतरत होता. त्यांनी विचारलं, "काय गं बायांनो, पाण्याची सोय हाय ना?"

पंचफुला बसल्या जागेवरून म्हणाली, "हाय की दादा. तुमच्या भाषणात ड्रम सकाळीच आला व्हता. इथं यायला त्याला दुपार झाली."

बायका हसल्या. चाळीस बायका एकदम हसल्या, आणि मुकादम सटवाजीही तोंडावर रुमाल धरून हसला. मग फाडकन आवाज झाला. सुलाबाईनं वळून बघितलं. पंचफुला गालाला हात लावून कडेच्या ढिगावर पडली होती आणि माणिकरावांचा हात अजून खाली आला नव्हता.

पंचफुला गप्प बसली नाही. नवऱ्याला घेऊन ती चालत तहसीलला गेली आणि अर्ज देऊन आली. गुरुवारी चौकशीला साहेब येणार, असा निरोप आला.

बुधवारी सटवाजी सुलाबाईच्या दारात आला. "मावशे, उन्हाचं चक्कर आलं अन् पोरगी पडली. दादांनी हात धरून सावरलं. बराबर?"

"मला काय शिकवायलास?" सुलाबाई म्हणाली. "अन् लागला जरी हात, तर काय झालं? घरचं मानूस रागावत न्हाई का? त्या मानसाच्या डोक्याला किती ताप हाय!"

हे ती सटवाजीला सांगत होती की स्वतःला, ते तिलाही नीट कळलं नाही.

तो गेला आणि तासाभरानं बन्सीधर आला. बौद्धवाड्यात तो जन्मात पहिल्यांदा आला होता. आजवर तिला 'ए सुले' म्हणणारा माणूस अंगणात उभा राहून म्हणाला, "सुलाबाई, जयभीम. उद्या खरं सांगा बरं का. बाईमानसावर हात टाकायचा म्हणजे काय! अन्याव सहन करू नका."

"मालक, अन् विहीर?"

"विहिरीचं काय? ती कुठं पळून जायलीय? आधी ह्या गड्याला घरी बसवू. मग बघू आपलं आपण."

'बघू' म्हणजे काय, हे सुलाबाईला समजावून सांगायची गरज नव्हती. माणिकराव घरी बसले की काठावर कुणी बसणार नाही. घागरी पुन्हा खाली मांडाव्या लागतील.

गुरुवारी सकाळी कामावर जाताना पंचफुलानं तिला गाठलं. गाल अजून सुजलेला होता.

"मावशी, तुमची अडचण मला ठाव हाय. मी काय तुमाला त्यांच्या विरुद्ध बोला म्हणत न्हाई. पाठ व्हती, काही दिसलं न्हाई, इतकंच म्हणा. मग माझं मी बघते."

सुलाबाईनं मान हलवली. एवढं बोलायचं तिनं ठरवलंही होतं.

साहेब नायब तहसीलदार होते. बाभळीखाली खुर्ची टाकून बसले. एका बाजूला माणिकराव उभे, दुसऱ्या बाजूला लांब, बांधावर, बन्सीधर. मजुरांपैकी एकेकीला बोलावलं. कुणी म्हणाली दिसलं नाही, कुणी म्हणाली मी ड्रमाकडं गेले होते. मग सुलाबाईची पाळी आली.

"तुम्ही हिच्या सगळ्यात जवळ होता. काय झालं?"

तोंड उघडता उघडता तिचं लक्ष बांधाकडं गेलं. बन्सीधर तिला मान डोलावून धीर देत होता. हसत होता. ते बघून, जे ठरवलं होतं त्याच्या कितीतरी पुढं तिची जीभ गेली.

"मी माझ्या डोळ्यानं बघितलं साहेब. दादांनी बोट लावलं न्हाई हिला. चक्कर येऊन पडली. दादा देवमानूस हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. सटवाजीनं तिचा अंगठा शाईत बुडवला.

"साहेब," पंचफुला म्हणाली, "मावशीला एक इचारू का?"

"विचार."

"मावशी, तुमची पाठ माझ्याकडं व्हती. मग वळून काहून बघितलं?"

हातोड्या थांबल्या. साहेबांना खडी फोडणाऱ्या बायका कशा बसतात हे माहीत नव्हतं. चाळीस जणींना माहीत होतं.

"आवाज झाला म्हणून," सुलाबाई बोलून गेली.

"कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

"ही पडली... त्याचा."

"मी पडल्यावर वळलात," पंचफुला शांतपणे म्हणाली, "तर मला बोट लावलं न्हाई, हे कुठून दिसलं?"

सुलाबाईनं माणिकरावांकडं बघितलं. ते घड्याळात वेळ बघत होते. साहेबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा कागदाकडं बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. "जबाब झालाय. अंगठाही झालाय."

अर्ज खोटा ठरला. पंचफुलाचं नाव त्या कामावरून कमी झालं आणि ती नवऱ्याबरोबर सोनपेठकडं दुसऱ्या कामावर निघून गेली. जाताना तिनं शेजारच्या दाराकडं बघितलं नाही. विहीर चालू राहिली. पुढं पाऊस झाला, तरी बौद्धवाड्याचा दोर तिथून निघाला नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माणिकराव अजून सदस्य आहेत. त्यांच्याविरुद्ध कुणी बोललं तर सुलाबाई अजून भांडायला उठते. आपण खोटं बोललो, हे आता ती मोकळेपणानं कबूल करते. "व्हय, बोलले. न बोलून काय केलं असतं? खऱ्याच्या बाजूनं कोन उभा व्हता ते दिसलं न्हाई का तुमाला?" कुणी पंचफुलाचं नाव काढलं की मात्र ती पदर तोंडाशी धरते.

माणिकरावांना रामराम घालताना दर वेळी एक गोष्ट विचारायची तिच्या ओठांवर येते, आणि दर वेळी राहून जाते.

"दादा, पोरीवर हात उचलला, तवाच तुमाला ठाव व्हतं का, की सुलाबाई 'मारलं न्हाई' म्हणणार हाय?"