जावयाने आणलेला विमा

सवाऱ्यांना मी फसवलं, असं अमरावतीत अजून काही लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

एकोणीसशे साठच्या आसपास मी एक जुनी मोटार घेऊन अमरावतीहून अकोल्याला सवाऱ्या नेऊ लागलो. विमा थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडून उतरवला. तो अकोल्याला विम्याचा एजंट होता. कागद इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. मी विचारलं, "भाऊजी, सवाऱ्या बसतीन याच्यात. तसं लिवलं ना?"

"माह्यावर भरोसा नाही का तुले?" तो हसला.

तो गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, शेजारच्या वकिलांना एकदा दाखवून आणतो. वडील जेवता जेवता थांबले. "जावयानं आणलेला कागद वकिलाले दाखवतं? पोरीले नांदू द्याचं नाही का तिथं?" मी मुकाट्याने कागद पेटीत ठेवला.

पुढच्या वर्षी मूर्तिजापूरच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. तिला वाचवायला गेलो आणि मोटार नालीत कलंडली. मला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांचा पाय मात्र मांडीतून मोडला. इस्पितळात मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "गुरुजी, इलाजाची फिकर करू नका. विमा हाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. पाठोपाठ भाऊजी आणि बहीणही आली. कागदात मोटार घरच्या वापराची लिहिलेली होती. भाडं देऊन बसलेल्या माणसाला त्यातून काही मिळणार नव्हतं. विमा स्वस्तात बसवून गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढाच भाऊजीचा हिशोब! मी त्याच्याकडे पाहिलं.

"यानंच मले घरची गाडी म्हनून सांगितली," तो माझ्या तोंडावर म्हणाला.

त्याची गचांडी धरावी असा संताप आला. आपल्याच माणसाने इतक्या सहज आपल्याला विकावं! पण त्याच्या मागे बहीण उभी होती. तिने माझ्याकडे बघून नुसते हात जोडले.

"खरं आहे का?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मास्तर खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी भाऊजीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंग काल मले खोटं काहून सांगितलं रे?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. बहिणीचे हात अजून जोडलेलेच होते.