पुढचा दिवा

ती गोष्ट आठवली की आजही माझा मलाच राग येतो. लिहावी की नाही, याबद्दल बराच काळ घुटमळलो. नाव कोणाचेच देणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि खात्यात नवा फौजदार. छापील अक्षरावर माझा फार विश्वास. पिंपरीत एका कारखान्याचे बांधकाम चालले होते. आजूबाजूच्या गावांतले गवंडी आणि बिगारी अंधार पडल्यावर सायकलींवरून घरी परतत. रस्त्यावर दिवे नव्हते आणि ट्रकांची ये-जा वाढलेली. बिनबत्ती सायकलींवर खटले भरा, असा वरून हुकूम आला. मी भोसरीच्या वाटेवर नाका लावला.

त्या नाक्याने मला अगदी मेटाकुटीला आणले. नाका दिसला की लोक दिवे लावत, मागे पडला की घासलेट वाचवायला फुंकून टाकत. पकडले की उत्तर ठरलेले.

"आत्ताच इझला, सायेब. हात लावून बगा, काच गरम हाय."

आमचे हवालदार खात्यात मुरलेले. ते काचेला हात लावून म्हणायचे, "गरम? अरे, माठाला लाव म्हणजे पाणी गार होईल!" सगळे हसायचे, तो इसमही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिनबत्ती.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी भोसरीचा एक तरुण गवंडी नाक्यावरून गेला. दिवा पेटलेला पाहून मला बरे वाटले. त्याच्या मागोमाग एक ट्रक गेला आणि थोड्याच वेळात पुढून आवाज आला. आम्ही धावलो. सायकल चेपली होती, गवंडी बेशुद्ध होता, मांडीचे हाड मोडले होते. ट्रक थांबला नव्हता. विझलेला दिवा हवालदारांनी उचलला आणि "भाजलं!" म्हणून ओरडले. पहिल्यांदाच काच खरोखर गरम होती.

ट्रकाचा नंबर कोणीच पाहिला नव्हता. चार दिवसांनी मोशीकडचा एक चहावाला ठाण्यात आला. "साहेब, चाकणहून कांदा-बटाटा नेणारा एक ड्रायव्हर जाता-येता माझ्याकडं थांबतो. चार दिवस झाले, मान खाली घालून तसाच पुढं जातोय राव." माणूस गुन्हा लपवतो, पण सवय मोडल्याचे लपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो ट्रक अडवला. डाव्या हेडलाइटची काच कोरी होती.

काचेबद्दल विचारताच ड्रायव्हर खाली बसला. "माझीच गाडी लागली, साहेब. घाबरलो, पळालो. त्याची काय ती शिक्षा द्या. पण सायकलीला दिवा नव्हता."

"दिवा आम्ही सगळ्यांनी पाहिला!" मी टेबलावर हात आपटला.

"मग मलाच का नाही दिसला?"

"कांद्यानं डोळे गेले असतील तुझे," हवालदार म्हणाले.

दिवा दिसत असताना बेदरकारपणे गाडी अंगावर घातली, असा कडक आरोप लावायचे मी ठरवले होते. तो सिद्ध झाला असता तर हा माणूस बराच काळ तुरुंगात गेला असता. दोन दिवस मी त्याला उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा दर वेळी काहीतरी जोडत जातो. हा काहीच जोडेना. "दिवा नव्हता," एवढेच. मी वैतागून गेलो.

शेवटी चिडूनच मी ठरवले की हे खोटे त्याच्या पदरात घालायचे. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, तोच दिवा पेटवून हवालदारांना ठाण्याच्या सायकलीवर पुढे पाठवले. गवंड्याने पांघरली होती तशी काळी घोंगडी त्यांच्या अंगावर होती. मी दुसऱ्या एका ट्रकात, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसलो. ट्रकाच्या मिणमिणत्या हेडलाइटांत हवालदार कुठे आहेत तेच मला कळेना. दिव्याचा उजेड पुढे, मध्ये त्यांचे अंग, मागे काळे मडगार्ड. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा ते चाकापुढे दहा हातांवर होते.

"साहेब, पुरावा पाहिजे की माझा पंचनामा?" ते रस्त्यातूनच ओरडले.

तोवर गवंडी शुद्धीवर आला होता. मी इस्पितळात जबाब घ्यायला गेलो.

"दिवा पुढंच का लावत होतास?"

"आदी मागंच लावायचो, सायेब. पुढनं येनारा मला दिसतो. मागनं येनाऱ्याला मी दिसाया नगं का? पन तुमच्या नाक्यावर खटला झाला. पुढं बत्ती न्हाई म्हनून. दिवा तर एकच हाय. मंग आनला पुढं."

मी ठाण्यात येऊन खटल्यांचे पुस्तक काढले. नोंद होती. खाली सही माझी होती.

वरिष्ठ म्हणाले, "हे केस डायरीत आलं तर ठाण्याची शोभा होईल. वगळा." मी एक दिवस काहीच लिहू शकलो नाही. वगळले असते तर ड्रायव्हर न केलेल्या गुन्ह्यासाठी आत गेला असता. शेवटी प्रयोग लिहिला, जबाब लिहिला आणि माझ्या सहीची नोंदही जोडली. कडक आरोप टिकला नाही. जखमीला टाकून पळाल्याबद्दल शिक्षा झाली, ती योग्यच होती. मला मात्र लेखी ताकीद मिळाली. गवंड्याचा पाय आखूड राहिला आणि तो पुन्हा परांचीवर चढला नाही.

पुढे मी सायकलींच्या मागच्या मडगार्डला पांढरा रंग लावून घ्यायला लोकांना सांगू लागलो. "व्हय सायेब, आता म्हशीच्या शेपटीला बी लावा," असे टोमणे मिळाले. ते ऐकून घेतले.

या केसने काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना एवढेच सांगतो. कित्येक आठवडे मी त्या नाक्यावर उभा होतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा दिवा तपासत होतो. मला ओलांडून पुढे गेलेल्या एकाही माणसाकडे मी वळून पाहिले नाही. पाहिले असते, तर तो काही पावलांत अंधारात नाहीसा होतो, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळले असते.