मासळीच्या खोक्याचं विमान

चाचा कुठलीही वस्तू नुसती डोळ्यांनी बघायचेच नाहीत. मधलं बोट वाकवून तिच्यावर दोनदा टकटक करायचे, मान तिरकी करून कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "वाजतंय" किंवा "वाजत नाय." वाजत नाय म्हणजे आतून गेलेलं, उचला आणि फेका. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती कलिंगडापाशी थांबतात. चाचांनी माझ्या लग्नात मांडवाचा खांब वाजवला होता आणि माझ्या सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले होते, "दोन दिवस टिकंल. पुरे."

मिरकरवाडा बंदरावर होड्या बांधायचे ते. माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान त्यांच्या जायच्या-यायच्या वाटेवर, म्हणून त्यांनी माझं नावच 'रेडिओ' ठेवलं होतं. "चाळीस वर्षांत माझी एक होडी बुडाली नाय, रेडिओ," हे दिवसातून एकदा तरी मला ऐकावं लागायचं. मी मान हलवायचो आणि तारांना कथिलाचा डाग देत राहायचो.

एकुलता एक मुलगा त्यांना. त्याने हातात रंधा घ्यावा असं चाचांना फार वाटायचं, पण तो दुबईला गेला. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. पत्र यायचं ते आईच्या नावाने. चाची ते मुद्दाम मोठ्याने वाचायच्या आणि चाचा पडवीत डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे. दोन-अडीच वर्षं हे असंच चाललं.

मग कुणाच्या तरी हाती त्याने एक खोकं पाठवलं. आत रेडिओवर चालणाऱ्या विमानाचं सामान. काड्यांचा कंट्रोल, त्याचा रिसीव्हर, बॅटरीवरची मोटर, पंखा, सांगाड्याचा नकाशा. आणि आईला चिठ्ठी: "अब्बांना सांग, विमान बांधा. रजेवर आलो की भाट्याच्या किनाऱ्यावर उडवू."

चाचा खोकं घेऊन थेट माझ्याकडे आले. "तारांचं तू बघ. बांधायचं मी बघतो," म्हणाले. चेहरा असा, की जणू सरकारी काम लागलंय. पण चिठ्ठी त्यांनी खिशात घडी करून ठेवली होती, ती मला दिसली.

पहिलं विमान त्यांनी सागवानाचं केलं! देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते उचलायला दोन हात लागायचे. मी हसलो, तर चार दिवस दुकानात आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते थर्माकोल घेऊन. बंदरावर मासळी भरायची फुटकी खोकी पडलेली असायची, त्यातलं. चाचांनी त्यावर टकटक केलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "मुकं आहे मेलं. ह्याचं काय कळणार?"

मी हीटरची तार तापवून दिली, तिने ते लोण्यासारखं कापलं जायचं. चाचांना ते इतकं आवडलं की गरज नसलेलेही तुकडे कापत बसायचे. दुकानाला पापलेटाचा वास सुटला. गिऱ्हाईक यायच्या आधी मांजरं यायची. पंख जोडले, शेपटी जोडली, मी मोटर आणि रिसीव्हर बसवला.

मुलगा आला. महिन्याची रजा. घरात एका ताटाशी बसून दोघे चाचींमार्फत बोलायचे. "त्याला विचार, रस्सा हवाय का." "त्यांना सांग, पुरे." अहो, मधे बसून त्या बाईचं जेवण राहायचं! रजेचे शेवटचे चार दिवस उरले, तेव्हा कुठे चाचांनी निरोप दिला, "त्याला सांग, उद्या भाट्याला जाऊ."

आणि त्याच दुपारी घोटाळा झाला. कोऱ्या लाकडाची होडी चाचांनी जन्मात कधी पाण्यात लोटली नव्हती. मग विमान तरी कसं सोडतील? होडीचा हिरवा तेलरंग घेतला आणि दिला एक हात. त्या रंगाने थर्माकोल विरघळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. बघता बघता डावा पंख खड्डे पडून गळाला.

तो पंख मांडीवर घेऊन चाचा माझ्या बाकावर बसले. हात हिरवे झालेले. "चाळीस वर्षांत…" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिलेला आम्हाला कळलंच नाही.

तो आत आला. कोपऱ्यातलं उरलेलं थर्माकोल उचललं, मधलं बोट वाकवलं, दोनदा टकटक केलं आणि मान तिरकी करून कान लावला.

चाचा बघतच राहिले. मग त्याला सरळ विचारलं, "काय ऐकलंस?"

"काय नाय, अब्बा," तो ओशाळून म्हणाला. "सवय."

दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पंख केला. रंग आत जाऊ नये म्हणून पोराने सगळ्या विमानावर वर्तमानपत्र मैद्याच्या खळीने चिकटवलं, ते वाळलं आणि मग चाचांनी हिरवा रंग दिला. रंगाशिवाय सोडायचं नाही म्हणजे नाहीच! सकाळी रंग वाळल्यावर त्यांनी पंख वाजवून बघितला. वर चढलेला कागद आता ताणून बसला होता. "आता वाजतंय," म्हणाले.

भाट्याच्या वाळूवरून ते उडालं हो! सुरूच्या बनावरून दोनदा फिरलं. मग मुलाने कंट्रोल बापाच्या हातात दिला आणि चाचांनी विमान थेट समुद्रात घातलं. आत मी बसवलेला रिसीव्हर! मी बोंब मारली. माझ्याकडे कोण बघतंय? हिरवं विमान लाटेवर डुलत होतं आणि चाचा कमरेभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "बघ! बुडालं नाय! बघितलंस ना?"

"बघितलं, अब्बा," मुलगा म्हणाला. तो हसतही होता आणि रडतही होता.

त्यानंतर पत्रं चाचांच्या नावाने यायची. तीन वर्षांनी चाचा एका सकाळी होडीवर काम करता करताच वारले. मुलगा पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. बॅग हातात घेऊनच तो माझ्या दुकानात आला. विमान छताला टांगलेलं होतं. मी खाली काढून दिलं. त्याने पंखावर दोनदा टकटक केलं आणि कान लावून खूप वेळ तसाच उभा राहिला.

"वाजतंय?" मी विचारलं.

"वाजतंय," तो म्हणाला आणि चाचांच्या जागेवर बाकावर बसला.