कमलमावशींचं ‘या, बसा’

दारात कोण आलंय हे पाहण्याआधीच कमलमावशी ‘या, बसा’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. मलकपेठेत आमच्या शेजारी त्या आणि त्यांची घटस्फोटित लेक सुनीता, अशा दोघीच राहायच्या. एकदा लाइटचं कनेक्शन तोडायला माणूस आला. मावशींनी त्याला पोहे दिले. त्याने पोहे खाल्ले, चहा घेतला, हात धुतले आणि कनेक्शन तोडून गेला! मी चिडवलं तर म्हणाल्या, “त्याचं काम त्यानं केलं, आपलं आपण. आमच्या नांदेडकडं दारातून कुणाला कोरडं पाठवत नाहीत, बाबा.”

मागच्या वर्षी एका सकाळी कुणा चोराच्या शोधात पोलीस गल्लीत शिरले. मावशींच्या दारात चौघे उभे राहिले.

“अम्मा, जरा देखना है,” त्यांचा साहेब म्हणाला.

“आओ बाबा, बैठो. चाय पीते?” म्हणत मावशी आधण ठेवायला आत गेल्या.

चहा घेऊन बाहेर येतात तो कपाट सताड उघडं, साड्या पलंगावर फेकलेल्या आणि सुनीताचा मोबाइल साहेबाच्या हातात. तो त्याने दरडावून तिच्याकडूनच उघडून घेतला होता. नारायणगुड्यातल्या तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाशी तिचं लग्नाचं बोलणं चाललं होतं. ते संदेश साहेबाने दारात जमलेल्या गल्लीसमोर मोठ्याने वाचले आणि वर हसून म्हणाला, “क्या अम्मा, बेटी की शादी, हमको दावत नक्को?”

मी तिथेच होतो. लेक पुन्हा लग्न करतेय, हे आईला पोलिसाच्या तोंडून कळावं? मावशींनी ट्रे तसाच खाली ठेवला. सुनीता आत गेली आणि तिने कडी लावली. घरात सापडलं काहीच नाही. चौघे चहा मात्र पिऊन गेले. बोभाटा त्या शिक्षकाच्या घरापर्यंत पोहोचला आणि चार दिवसांत तिकडून नकार आला.

मी वकील. या बिनावॉरंट झडतीविरुद्ध मावशींना घेऊन कोर्टात गेलो. तिथे पोलिसांचं उत्तर ऐकून मी हादरलोच. म्हणे, बाईंनी स्वतः आत बोलावलं, चहा पाजला, म्हणजे झडतीला त्यांची संमतीच होती!

मावशी माझ्या कानाशी लागल्या. “अरे, मी बसा म्हणलं की. कपाट उघडा कधी म्हणलं?”

न्यायाधीशांनीही निकालात तेच म्हटलं. घरात बसायला बोलावणं म्हणजे कपाट उचकायची किंवा मोबाइल वाचायची परवानगी नव्हे. खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे आणि तो पाहुणचारात देऊन टाकला जात नाही.

निकालाची प्रत घेऊन मी धावतच मावशींकडे आलो. त्या एकट्याच होत्या. सुनीता विद्यानगरला लेडीज हॉस्टेलवर राहायला गेली होती. आईचा फोनही उचलत नव्हती. मी निकाल मराठीत समजावून सांगितला. “मावशी, जिंकलो आपण!”

“कोर्टानं माझी चूक नाही म्हणलं, हौ, चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरला. “आता एवढं विद्यानगरला जाऊन वाच, बाबा. माझी लेक म्हणती, आई, त्यांना घरात तूच घेतलंस.”